सुई घे, एलरॉय

२ मार्च

एलरॉय,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. आणि तुझ्याआधी जे साहेब पाकीट उघडून वाचतात त्यांनाही रोवीनाचा नमस्कार. साहेब, नीट वाचा, यात तुमच्याही कामाचं आहे.

कोर्टानंतर मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. आज लिहितेय ते माफी मागायला नाही. आईने तुला सांगितलं असेल की रोवीना पस्तावलीय. ती तसं सगळ्यांना सांगते, पण ते खरं नाही. तू स्वतःच्या बायकोचा, जोलीनचा हात मोडलास, भर दुपारी, अंगणात, पोटच्या पोरीच्या, अलीराच्या डोळ्यांदेखत. पोरगी नऊ वर्षांची आहे, एलरॉय. मी पोलिसांना फोन केला, आणि कोर्टात विचारलं तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं. तशी दुपार पुन्हा आली तर पुन्हा फोन करीन.

पण फोन करताना डोळ्यांपुढे कोण होतं ते तुला सांगायला नको. लेस्टरमामा. पोलिसांनी नेला तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत गेला, आणि दुसऱ्या दिवशी कोठडीतून चादरीत गुंडाळून आला. आपल्या घरात कोणी पोलिसांना बोलावलं की त्याचा अर्थ काय होतो, हे बार्का नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच गावात आज कोणी माझ्याशी बोलत नाही. आईसुद्धा. पुढच्या खोलीची काच फुटली ती वाऱ्याने फुटली असं मी धरून चाललेय. पुठ्ठा लावलाय, चाललंय.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की याला आत मी पाठवतेय तर जिवंत बाहेरही मीच आणणार. तुझी परवानगी मागितलेली नाही.

आता कामाचं. आपल्या आदिवासींच्या आरोग्य केंद्रातली नर्स ग्लेनिस काल दारात आली. तू अकरा वर्षांचा असताना सांधे सुजून तापाने फणफणला होतास, आणि त्या तापाने तुझ्या हृदयाची झडप खाल्ली, तेव्हापासून दर महिन्याला तुझ्या कुल्ल्यात सुई खुपसत आलीय ती बाई. तू जवळच्या तुरुंगात होतास तोवर ती फोन करून तिथल्यांना आठवण द्यायची. या वेळी फोन केला तर कळलं की तुला हलवलंय, समुद्राकडच्या नव्या तुरुंगात. तिथे फोन लावला तर म्हणाले, "असल्या कुठल्या इंजेक्शनची आमच्याकडे नोंद नाही, आणि कैद्यानेही काही मागितलेलं नाही."

का मागितलं नाहीस? विसरलास म्हणू नकोस. ती सुई बसली की दोन दिवस लंगडतोस, ती विसरायची गोष्ट नाही.

उद्या सकाळी उठ आणि माग. मोठ्याने माग.

रोवीना


३० मार्च

एलरॉय,

तुझं पत्र पोचलं. "मला बहीण नाही." एवढंच. तरी लिहिलंस, पाकिटाला तिकीट लावलंस, माझा पत्ता न चुकता घातलास. मी याला पत्रच म्हणणार.

तू सुई मागितली नाहीस, म्हणून आम्ही आलो. तुला कोणी सांगितलंय का? शनिवारी तुझ्या तुरुंगाच्या फाटकावर ग्लेनिस, मी आणि व्हेल्मामावशी होतो. गाडीत पूर्ण दिवस गेला. मावशी वाटभर तुला शिव्या देत होती आणि मधून मधून मला. तिचं म्हणणं, मी पोलिसांना नाही, तिला बोलवायला हवं होतं, तिने तुला लाटण्याने सरळ केलं असतं. मी म्हटलं, "मावशी, तू तेव्हा दोनशे मैलांवर होतीस." ती म्हणाली, "लाटणं फेकलं असतं."

फाटकावर एक कोवळा अधिकारी होता. म्हणाला, "मॅडम, कैद्याने भेटीच्या यादीतून तुमचं नाव काढलंय."

"मला त्याला भेटायचंच नाही," मी म्हटलं. "या नर्सबाईंना भेटू द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"बाहेरच्या नर्सला आत सोडत नाही. आमची नर्स आहे."

"मग तुमच्या नर्सने सुई दिली का?"

"ते सांगता येणार नाही. कैद्याची खासगी माहिती आहे."

"त्याचं ढुंगण मी लहानपणी धुतलंय," मी म्हटलं, "ते खासगी कधीपासून झालं?"

बिचारा लाल झाला. तेवढ्यात व्हेल्मामावशीने गाडीतून घडीची खुर्ची काढली आणि फाटकासमोर मांडून बसली. तो धावला. "आजी, इथे बसता येणार नाही."

"आजी तुझ्या घरची. मला मावशी म्हण. आणि बसता का येणार नाही?"

"सरकारी जागा आहे."

"सरकारने कोणाकडून घेतली, ते आत जाऊन विचारून ये. तोवर मी बसते."

तो आत गेला, तो बराच वेळ आलाच नाही. भेटीचा दिवस होता. आपली माणसं येत होती, कोणाची आई, कोणाची बायको, पोरं कडेवर. मावशीला बघून थांबत होती. तू कोणाची, तुझे लोक कुठले, असं सुरू झालं. एक सून म्हणाली, नवऱ्याच्या मधुमेहाची गोळी बदलली, कोणी सांगत नाही का बदलली. एक म्हातारी म्हणाली, नातवाची भेट ठरली की तिच्या छातीत आदल्या दिवसापासून धडधडतं. ग्लेनिसने तिथेच गाडीच्या टपावर पेटी उघडली आणि म्हातारीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर असं होतं की ग्लेनिसने तिला उभीच राहू दिलं नाही, मावशीला खुर्चीवरून उठवून तिला बसवलं. मग रांगच लागली. कोणाची साखर, कोणाच्या पोराचा वाहता कान, कोणाची खरूज. मावशीने नदीकाठच्या गवताचं मलम आणलं होतं, तुझ्या छातीला लावायला. ते तिने तिथेच वाटून टाकलं.

शेवटी आतून मोठ्या बाई आल्या. "हे काय चाललंय? माझ्या फाटकावर दवाखाना?"

"आत मांडू देत नाही," मावशी म्हणाली, "म्हणून बाहेर मांडला."

बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी आत फोन केला. तुझी सुई खरंच चुकली होती, मागच्याही महिन्याची. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, आज संध्याकाळीच देतो, आणि तुमच्या केंद्राशी बोलायला माणूस पाठवतो. आम्ही जिंकून परत फिरलो. मावशीने पेट्रोल पंपावर आइस्क्रीम मागितलं.

आणि सोमवारी ग्लेनिसला तिकडून फोन आला: नर्स सुई घेऊन गेली, आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, नको.

नको? मावशी सत्तरीत उन्हात बसली, ती तुझ्या नकोसाठी? तुला वाटतं सुई नाकारलीस की मला शिक्षा होते. झडप तुझी आहे, शहाण्या.

रोवीना


११ मे
(रुग्णालयाच्या कॅन्टीनमधून)

एलरॉय,

तू माझ्या डोक्यावर दोन मजले आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. यादीत नाव नाही ना माझं. हा कागद आईच्या पिशवीतून वर येईल.

तुला श्वास लागला, रुग्णालयात हलवलं, हे आम्हाला तुरुंगाने कळवलं नाही. तुझ्या शेजारच्या कोठडीतल्या माणसाच्या बायकोने मावशीला फोन केला. फाटकावर नवऱ्याच्या बदललेल्या गोळीबद्दल बोलली होती तीच. ती म्हणाली, तुझे ओठ निळे पडले होते.

मी आईच्या दारात गेले. कोर्टानंतर पहिल्यांदा. तिने जाळीच्या दाराआडून विचारलं, "काय आहे?"

"एलरॉय रुग्णालयात आहे. मी निघतेय. येतेस?"

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. तर कोट घालून बाहेर आली, गाडीत मागे बसली आणि म्हणाली, "गाडी तुझी आहे म्हणून येतेय."

 मग उजाड माळावर, आजूबाजूला एक झाड नाही अशा जागी, ती मागून म्हणाली, "लेस्टरला नेलं तेव्हा मी दारात उभी होते. त्याने बायकोला मारलं होतं. मीच शेजाऱ्याला म्हटलं होतं, बोलाव पोलिसांना."

मी गाडी बाजूला घेतली. मला हे माहीत नव्हतं. तुलाही नसेल. मी मागे वळून बघितलं तर ती माझ्यावरच ओरडली, "माझ्याकडे बघत काय बसलीस? चालव! तो मरेल तिकडे!" पुढे चहाला थांबलो तेव्हा ती पुढच्या सीटवर येऊन बसली.

वर तुझ्या खोलीच्या दाराशी दोन पहारेकरी होते. काचेतून तू दिसलास. नाकात नळी, आणि घोट्याला साखळी, पलंगाच्या दांड्याला बांधलेली. ज्याला धड श्वास घेता येत नाही तो पळून कुठे जाणार होता? मी मोठ्याने विचारलं. अख्ख्या मजल्याने ऐकलं असणार. एक पहारेकरी म्हणाला, "नियम आहे, बाई." मी म्हटलं, "नियम कोणी केला त्याचं नाव सांग, मी त्याच्याशी बोलते." तो म्हणाला, "बाहेर काढावं लागेल तुम्हाला." मी जमिनीवर बसले. काढ म्हटलं. उचल.

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. सावळ्या, ठेंगण्या, श्रीलंकेकडच्या. त्यांनी मला उठवलं नाही, त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि सगळं ऐकलं. मग उठून पहारेकऱ्यांना म्हणाल्या, "याच्या पायाला सूज आहे, साखळीने रक्त अडतंय. माझ्या रुग्णाची साखळी काढा, नाहीतर कोणाच्या हुकमाने ठेवली ते सहीनिशी द्या." सही करायला कोणी तयार होईना. साखळी निघाली.

आईला आत सोडलं. मी दाराबाहेर उभी राहिले. ती तुला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तू हसलास. नळीतून हसलास, खोकलास, परत हसलास. तेवढं मला पुरलं असं लिहिणार होते, पण नाही पुरलं. मलाही आत यायचं होतं.

झडप आणखी खराब झालीय. दुरुस्त करावी लागेल, छाती उघडून. आणि त्याआधी तब्येत धरायला हवी, म्हणजे सुया. आई सांगते, तू म्हणालास, "कशाला? बाहेर कोण वाट बघतंय?"

ती तुझ्या उशाशी बसली होती, आणि तू हे तिला म्हणालास.

रोवीना


२० जून

एलरॉय,

हे पत्र लगेच वाच. साहेब, तुम्हीही हे टेबलावर पडू देऊ नका.

अलीरा आजारी आहे. आधी घसा दुखत होता. जोलीनला वाटलं सर्दी आहे. मग गुडघा सुजला, तो उतरला तर मनगट सुजलं, आणि अंगात ताप. जोलीनने तिला केंद्रात आणलं आणि ग्लेनिसने सांधे दाबून बघितल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. तोच ताप आहे, एलरॉय, तुझाच.

रक्तातून आला नाही तो, तेवढं मनातून काढ. ग्लेनिस म्हणते, एका घरात दहा माणसं, अंथरूण एकच आणि न्हाणीघराचा नळ वर्षभर बंद, अशा घरात तो येतो. गृहखात्याला नळासाठी मी आता रोज फोन करते. तिथली पोरगी माझा आवाज ऐकला की उसासा टाकते.

चांगली गोष्ट म्हणजे वेळेवर सापडलं. हृदयाला किंचित लागलंय, फार नाही. सुया न चुकवता घेतल्या तर ते भरून येईल आणि तिची छाती कोणाला उघडावी लागणार नाही. चुकवल्या तर काय होतं, ते तू आरशात बघ.

पहिली सुई रुग्णालयात धरून बांधून दिली. दुसरीच्या वेळी पोरगी केंद्राच्या टेबलाखाली शिरली ती बाहेर येईना. ग्लेनिस, जोलीन, मी, सगळ्यांनी समजावलं. आतून म्हणते कशी, "डॅड नाही घेत. आजीने सांगितलं. तो नाही घेत तर मी का घेऊ?"

सांग, मी तिला काय उत्तर देऊ?

आता नीट वाच. त्या दिवशी फाटकावर मोठ्या बाईंनी शब्द दिला होता तो त्यांनी पाळला. येत्या महिन्यापासून आपल्या केंद्राचे लोक तुमच्याकडे आत येणार, आपल्या सगळ्या माणसांना तपासणार. आणि त्याच दिवशी इकडे केंद्रात त्यांच्या घरच्यांना बोलावणार. मधे व्हिडिओचा पडदा असेल, टीव्हीसारखा, तुम्ही तिकडे, आम्ही इकडे, एकमेकांना दिसू. मावशीने भांडून घेतलं हे. ती त्यांना म्हणाली, "माणूस आत आजारी पडतो तेव्हा घर बाहेर आजारी पडतं. अर्ध्याला औषध देऊन अर्धं कसं बरं होईल?"

जोलीनशी तू बोलायचं नाहीस असा कोर्टाचा हुकूम आहे, तो आहेच. मी तिला विचारलं. तिने मोडलेला हात उचलून बघितला, अजून तो पूर्ण वर जात नाही. मग म्हणाली, "पोरीसाठी चालेल. मी त्या खोलीत येणार नाही. तो पोरीला माझ्याबद्दल एक शब्द बोलला तर पडदा बंद."

मी म्हटलं, मी स्वतः बंद करीन.

तर एलरॉय, आता प्रश्न तुझा माझा राहिला नाही. माझ्यावर राग धर, जन्मभर धर. पण त्या दिवशी पडद्यासमोर येऊन बस, आणि सुई घे.

रोवीना


१५ जुलै

एलरॉय,

आलास.

मी तुला दिसले नाही, पण मी सगळं बघितलं. पडद्याच्या बाजूला, भिंतीला चिकटून बसले होते. तू किती बारीक झालायस. अलीराने तुला पाहिलं आणि पहिलं काय विचारलं? "डॅड, तुझे केस कुठे गेले?" तू म्हणालास, "तुरुंगात कांगारू आहे, त्याने खाल्ले." तिला ते खोटं आहे हे कळत होतं, तरी ती खुर्चीवर पुढे सरकली.

तिकडे आपल्या केंद्राचा तरुण डॉक्टर तुझ्या मागे उभा राहिला, इकडे ग्लेनिस अलीराच्या मागे. अलीरा म्हणाली, "तू आधी." तू चड्डीची कड खाली ओढलीस, आणि सुई शिरल्यावर तुझ्या तोंडून जी शिवी निघाली, ती पोरीने अजून कधी ऐकली नव्हती. आता दिवसभर म्हणतेय. जोलीनने मला जाब विचारला, मी तुझं नाव सांगितलं.

पोरगी इतकी हसली की ग्लेनिसने तेवढ्यात काम उरकलं. मग रडली, पण माझा हात तिने सोडला नाही, नखं रुतवली. तू विचारलंस, "तो हात कोणाचा आहे?"

ती म्हणाली, "रोआत्याचा."

तू खुर्ची मागे सरकवलीस. मला वाटलं, उठून जाशील. तू म्हणालास, "तिला सांग, पोरीचे गाल पूस."

मी पुसले. तुझं ऐकून नव्हे, पुसायचेच होते.


९ सप्टेंबर

एलरॉय,

तुझा निरोप आईने दिला. मुदतीआधी सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या मंडळापुढे तुझं नाव पुढच्या वर्षी येणार, आणि मी त्यांना लिहून द्यावं की जोलीन पायरीवरून पडली होती, मला त्या दुपारी नीट दिसलं नव्हतं. आई निरोप सांगताना खिडकीबाहेर बघत होती. तिला उत्तर माहीत होतं.

नाही.

मला नीट दिसलं होतं. ते कोणासाठीही बदलणार नाही, मंडळासाठी नाही, तुझ्या झडपेसाठी नाही, आईसाठी नाही. मी हे लिहीन: याने दर महिन्याला सुई घेतली. पोरीने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. दारू आणि रागावरच्या बैठकीत मंगळवारी जातो, आधी तोंड वाकडं करून बसायचा, आता मावशीच्या सासरकडचा भाचा तिथे आहे, त्यालाही बोलायला लावतो. हे सगळं खरं आहे म्हणून लिहीन. पुढे तू हात उगारणार नाहीस, असं मात्र लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही. ते तुलाच दाखवावं लागेल, बाहेर येऊन, खूप वर्षं.

चिडलास ना? चिड. पण त्याआधी तुझी छाती उघडायची आहे. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, त्याच डॉक्टरीणबाईंच्या रुग्णालयात. त्यांनी पहारेकऱ्यांना आधीच लेखी कळवलंय की साखळी दाराबाहेर राहील. मोठ्या बाईंनी दोन माणसांना परवानगी दिलीय. एक आई. दुसरं नाव तुरुंगातून तुझ्याकडूनच जायचं होतं. काल ग्लेनिसला यादी आली. तिने मला वाचून दाखवली, आणि मी तिला परत वाचायला लावली.

मी त्यावर काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस, नाहीतर दोघंही बिघडवून ठेवू.

मी आणि आई दोन दिवस आधी निघतोय. मावशी येत नाही, तिला फाटकाची ड्युटी आहे असं म्हणते. खुर्ची तिने नवी घेतलीय. अलीराने तुला द्यायला काही दिलेलं नाही, ती म्हणाली, "त्याला सांग, मी माझी घेतली."

भूल उतरून डोळे उघडशील तेव्हा समोर मी असेन, आणि मंडळाला मी काय लिहिलं ते तुला आठवेल. तेव्हा शिव्या द्यायच्या तर दे. पोटातून दे, मोठ्याने दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या दिवशी छातीत जितकी हवा भरेल तितकी चांगली.

रोवीना